पीसी घरी असेंबल करावा की कंपनीचा तयार घ्यावा?

केदार, कोथरूड:
परवा भाचीसाठी पीसी असेंबल केला. ती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुकानदार म्हणत होता, "तयार सेट घ्या, कशाला डोक्याला ताप?" माझं मत अगदी उलट आहे. ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो त्याने डेस्कटॉप घरीच जुळवावा. पैसे वाचतात म्हणून नाही, आत काय बसवलंय ते कळतं म्हणून. तयार मशीनवर प्रोसेसर आणि रॅमचे आकडे ठळक छापतात, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कसला ते कुठेच लिहीत नाहीत. माझ्या पाहण्यात निम्मी मशीन तिथेच मेली आहेत.
शिवाय पुढची सोय. माझा बी४५० मदरबोर्ड २०१८चा, त्यावर रायझन ५ २६०० प्रोसेसर होता. चार वर्षांनी बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि त्याच बोर्डवर ५६०० बसवला. बाकी एक स्क्रूही बदलला नाही.

सुलभा, उदगीर:
केदारदादा, तुम्हाला पुण्याची तपकीर गल्ली, सुट्या भागांचा बाजार, रिक्षाच्या अंतरावर आहे म्हणून हे सुचतं. माझं टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. भावाने सुटे भाग मागवून मशीन जुळवलं, छान चालत होतं. ऐन प्रवेशाच्या दिवसांत स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, चित्र नाही. रॅमवाले म्हणाले बोर्ड बघा, बोर्डवाले म्हणाले प्रोसेसर बघा. तीन बिलं, तीन वॉरंट्या, आणि सर्व्हिस सेंटर उदगीरात एकाचंही नाही. दुकान १९ दिवस मशीनशिवाय. पोरं फॉर्म घेऊन दारातून परत जायची. आता तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीचं तयार मशीन घेतलंय. माणूस घरी येतो.

केदार, कोथरूड:
ताई, १९ दिवस म्हणजे फारच झालं. शेवटी काय निघालं?

सुलभा, उदगीर:
बोर्ड. पण ते कळायलाच आठवडा गेला. तुमच्या घरी दुसरी रॅम काढून लावून बघता येते. ज्याच्याकडे एकच मशीन, त्याने कशावर तपासायचं?

शार्दूल, डोंबिवली:
मी रिपेअरिंग करतो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, आठवड्यातून दोनदा जाणं होतं. ताई, वॉरंटी आहे तोवर तुमचं बरोबर. ती संपली की काय होतं ते सांगतो. गेल्या महिन्यात एका क्लासचं ब्रँडेड मशीन आलं, एसएमपीएस गेलेला. एटीएक्स हे बोर्ड-एसएमपीएसचं ठरलेलं माप १९९५ पासूनचं आहे, तसा एसएमपीएस कुठल्याही दुकानात मिळतो. पण याच्या बोर्डला नेहमीची २४ पिनची जागाच नव्हती, कंपनीचा वेगळाच कनेक्टर. बाहेरचा एसएमपीएस सरळ बसेना, कॅबिनेटचं मापही वेगळं. चांगला प्रोसेसर असलेलं मशीन शेवटी भंगारात निघालं. मला आजही वाईट वाटतं.
आणि जुळवणाऱ्यांनो, रॅम दोन्ही टोकांना 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. भीत भीत अर्धवट बसवली की पंखे फिरतात आणि चित्र येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मशीनमध्ये हा दोष सगळ्यात जास्त. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, सुरू करायलाही लोक विसरतात. ३२००ची रॅम घेतात आणि वर्षानुवर्षं २४००वर चालवतात.

प्राची, नाशिक:
हे सगळं मान्य, पण वेळ बघा. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. डेटा सेंटरची मागणी एवढी की रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबरात क्रूशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी एक-एक भाग किरकोळीत घेणारा माणूस सगळ्यात आधी भरडला जातो. आधीच्या पिढीची डीडीआर४ रॅम घरात असेल तर तिच्याभोवती मशीन उभं करा. नाहीतर मी तरी थांबेन.

सुलभा, उदगीर:
शार्दूलदादा, मग गावाकडे जुळवायचंच ठरवलं तर जास्तीचं काय घेऊन ठेवायचं?

शार्दूल, डोंबिवली:
रॅमची एक जुनी स्टिक आणि एक साधा पण चांगल्या कंपनीचा एसएमपीएस. प्रोसेसर अंगचं ग्राफिक्स असलेलाच घ्या, म्हणजे ग्राफिक्स कार्ड काढूनही चित्र येतं का ते बघता येतं. एवढ्यावर निम्मं निदान घरीच होतं.

सुलभा, उदगीर:
एवढं जास्तीचं घ्यायचं तर दुकानाला तयार मशीनच परवडतं, माझं मत बदललेलं नाही. पण हे भावाला पाठवते. त्याला घरच्यासाठी पुन्हा एक जुळवायचंय.