व्हिसा कन्सल्टंटला पैसे भरून पस्तावलात? अनुभव लिहा

काजूगर:
मे महिन्यात गावी एका लग्नात पंगतीला माझ्या बाजूला बसलेला मुलगा सांगत होता की कॅनडाच्या पीआरसाठी (तिकडे कायमचं राहायला) मुंबईतल्या कन्सल्टंटला पन्नास हजार भरलेत, अजून सत्तर भरायचेत. माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली, कारण २०२२ ला मी पण हेच केलं होतं आणि बायको सोडली तर आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. आपल्याकडे असं काही झालं की माणूस गप्प बसतो, गावात हसं नको म्हणून. म्हणून हा धागा काढतोय. कंपनीचं, माणसाचं नाव लिहू नका (उगाच नोटीस यायची), पण काय सांगितलं, किती घेतले, पुढे काय झालं ते लिहा.

माझंच आधी सांगतो. मी चिपळूणचा, नोकरी लोट्याच्या एमआयडीसीत, मेकॅनिकल. त्यांचं ऑफिस एकदम चकाचक, काचेच्या केबिन, भिंतीवर कॅनडाच्या झेंड्यातलं ते लाल पान, आणि मॅडमनी दहा मिनिटांत पॉइंट काढले, "सर, ६७ लागतात, तुमचे ७२ होतायत." मी त्याच दिवशी कार्ड घासलं. आता ते ६७ म्हणजे १०० पैकी, नुसतं पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, शिरायला लागतात. आत गेल्यावर १२०० पैकी वेगळा स्कोअर असतो आणि बोलावणं येतं ते त्यावर, हे मॅडम बोलल्याच नाहीत. माझा तो स्कोअर चारशेच्या आसपास. बोलावण्याचे सगळ्यांसाठीचे ड्रॉ मध्ये थांबलेले, ते परत सुरू झाले ६ जुलै २०२२ ला, आणि पहिल्यातच किमान स्कोअर ५५७ लागला. वयाचे पॉइंट तिशीनंतर चाळिशीपर्यंत दरवर्षी पाच-सहा कमी होतात, म्हणजे मी जितका थांबणार तितका मागेच जाणार होतो. हे सगळं त्यांच्या सरकारी साइटवर फुकट लिहिलेलं आहे हो, आणि प्रोफाइल बनवायला पण एक पैसा लागत नाही.

पण खरा राग त्याचा नाही. २०२१ च्या पुरात आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं, माझ्या मार्कशीट फाइलसकट चिखलात. गादीखाली दाबून वाळवल्या तरी सेम पाचच्या मार्कशीटवर चिखलाची आडवी रेघ राहिलीच. तर डिग्री तपासून घ्यायला युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सक्रिप्ट लागतात, त्या "आम्ही काढून देतो" म्हणून वेगळे पंधरा हजार घेतले आणि दोन महिन्यांनी मलाच मुंबई युनिव्हर्सिटीच्या कलिन्याला लाइनीत उभं केलं. कोकणकन्याने जायचं, रात्री परत निघायचं, असं तीन वेळा. आणि प्रोफाइलचा ईमेल आयडी त्यांनीच बनवलेला, पासवर्ड त्यांच्याकडे. मी मागितला की "सर, सिक्युरिटी इश्यू आहे." सात महिने मागे लागल्यावर मिळाला, लॉगिन केलं तर प्रोफाइल एक्स्पायर. बारा महिनेच चालतं ते. त्याच्या आधी मला दर महिन्याला "युअर फाइल इज इन प्रोसेस" असा मेसेज यायचा, आणि खाली दोन्ही हात जोडलेले.

डोलकाठी:
व्हिसाचं नाही, पण शेजारचंच आहे. भाऊ सीडीसीवाला (खलाशाचं सरकारी पुस्तक असलेला), एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावर चढायला लागणारे कोर्स झालेले, घरी बसून होता. दाभोळच्या एका ओळखीच्याने बेलापूरचा एजंट गाठून दिला. साडेतीन लाख कॅश, वडिलांनी आईच्या पाटल्या गहाण टाकून दिले. दुबईला जॉइनिंग सांगून पुढे इराणला एका जुन्या टगवर (जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) चढवलं, चार महिन्यांत एकच पगार मिळाला, पाणी पण मोजून. परत आला, जिवंत आला, बस. नंतर कळलं की आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन असलेल्या कंपनीला खलाशाकडून कामाला लावायचे पैसे घेताच येत नाहीत. डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर लायसनवाल्यांची यादी असते. आम्ही ती परत आल्यावर उघडली. तो ओळखीचा अजून आईला काकी म्हणतो.

बाणकोटची सून:
आमच्याकडे दर घरात एक माणूस गल्फला, त्यामुळे सगळ्यांना वाटतं आपल्याला सगळं कळतं. माझ्या दिराला हॉटेलच्या कामाला म्हणून नव्वद हजार घेऊन व्हिजिट व्हिसा हातात दिला, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट होईल म्हणाले. दीर आठवी शिकलेले, पासपोर्ट ईसीआर, म्हणजे कामाला जायचं तर आधी सरकारी परवानगी लागणारा. मुंबई एअरपोर्टवर इमिग्रेशनवाल्यांनी दोन प्रश्न विचारले आणि माघारी पाठवलं. त्यांचं सगळं सामान, त्यात आईने दिलेली सुक्या बांगड्याची पिशवी पण, परत मंडणगडच्या एसटीत. सासूबाई दारात बघून काहीच बोलल्या नाहीत, नुसतं पाणी ठेवलं समोर.
पावती मागितली तर त्यावर "कन्सल्टेशन चार्जेस" लिहिलेलं, नोकरीचा शब्द नाही. नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला तीस हजार आणि वर जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर घेता येत नाहीत, आणि एजंट नोंदणीचा आहे का ते ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर दिसतं. हे मला दिराच्या दहावीतल्या मुलीने मोबाइलवर काढून दाखवलं. आधी विचारायला हवं होतं तिला.

सुरंगी:
माझी बहीण जर्मनीत, तिच्या डिलिव्हरीसाठी आईला पाठवायचं होतं. वेंगुर्ल्यात बसून एवढे कागद कोण करणार म्हणून एका कन्सल्टंटला बारा हजार दिले. आईने डिंकाचे लाडू, बाळाची अंगडी-टोपडी, बाळंतशोपा सगळं बांधून ठेवलेलं. रिजेक्ट! छापील फॉर्मवर टिक केलेली होती, प्रवासाच्या कारणाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही म्हणून. आम्हाला कळेना, डिलिव्हरीपेक्षा अजून खरं कारण काय असतं? मग जमा केलेल्या कागदांच्या झेरॉक्स मागवल्या तर कव्हरिंग लेटरमध्ये आमची आई नवऱ्याबरोबर दहा दिवस आयफेल टॉवर आणि स्वित्झर्लंड बघायला चालली होती!! बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. दुसऱ्या कोणाचं तरी पत्र, वरचं नाव तेवढं बदललेलं. आईने फक्त सही केलेली, इंग्रजी तिला वाचता येत नाही आणि मी "प्रोफेशनल आहेत" म्हणून वाचलं नाही, ही माझी चूक.
नव्वद युरो फी परत मिळत नसतेच. कन्सल्टंट म्हणाला पुन्हा अप्लाय करा, यावेळी आठ हजारात करतो. मी स्वतः केलं, पत्र साध्या चार ओळींचं, सोबत डॉक्टरांचं पत्र आणि बहिणीचं हमीपत्र, व्हिसा आला पण तोवर बाळ दीड महिन्याचं. बारशाला आई फोनमध्ये होती, पाळण्याच्या कठड्याला टेकवून ठेवलेल्या. लाडू कुरियरने गेले.

रापण:
माका पण सांगूचा हा. आमच्या वाडीतल्या तिघांनी एकाच माणसाक पैशे दिल्यानी आणि तो माणूस कोण, तर माझ्या मेव्हण्याचो दोस्त. आता जत्रेक समोर इलो की तो वाट बदलता, आणि मेव्हणो पण. पैशापेक्षा ता जास्त लागता.

कुळथाची पिठी:
सगळेच चोर नसतात, आधी हे लिहितो. माझ्या मुलीच्या स्टुडंट व्हिसाचं काम रत्नागिरीतल्या एका बाईंनी पाच हजारात व्यवस्थित केलं आणि दोन ठिकाणी "इथे पैसे घालवू नका" असं तोंडावर सांगितलं. पण त्याच्या आधी एका मोठ्या ऑफिसात ऐंशी हजार गेले होते, त्यातले बरेच मी परत काढले, कसे ते सांगतो.
करारात बारीक अक्षरात लिहिलेलं की सात दिवसांनंतर रिफंड नाही आणि वाद झाला तर फक्त दिल्लीत. मी पण आधी दिल्ली वाचून गार झालो. पण २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. दोन वर्षांच्या आत करायची. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन करून झाला, तिथून त्यांना मेल गेला, त्याचं उत्तर गोलगोल. मग रत्नागिरीत तक्रार. वकील न घेता, व्हॉट्सॅपचे चॅट तारखेवार छापून, कारण फोनवर ते जे बोलले त्याला काही पुरावा नव्हता आणि चॅटवर त्यांनी एकदा चुकून लिहिलेलं, "हंड्रेड पर्सेंट गॅरंटी सर". त्या एका ओळीने काम केलं. दोन तारखांना त्यांचं कोणी आलंच नाही, तिसऱ्या तारखेच्या आधी फोन आला, तडजोड करू म्हणून. पासष्ट हजारांवर मिटवलं. चौदा महिने गेले. पूर्ण मिळाले असते कदाचित, पण मला कंटाळा आला होता खरं सांगायचं तर.

काजूगर:
कुळथाची पिठी, माझी दोन वर्षं उलटून गेली. चॅट मी रागाने डिलीट केले होते.

पंगतीतला:
दादा, तो जिलबीवाला मीच. ताईने लिंक पाठवली. दुसरा हप्ता सोमवारी आहे, ते रोज दोनदा फोन करतायत की सीट जाईल. करार अकरा पानी इंग्रजीत आहे, मी पहिलं आणि शेवटचं पानच वाचलंय. कोणी वाचून देईल का?

काजूगर:
सीट कसली जातेय, ती काय शिवशाही आहे? सोमवारी काही भरू नकोस. आधी त्यांना विचार की फाइलवर सही करणारा कन्सल्टंट कोण आणि त्याचा आरसीआयसी (कॅनडाचा परवाना असलेला कन्सल्टंट) नंबर काय. कॅनडाच्या कामाचे पैसे घेऊन प्रतिनिधी व्हायचं तर तो परवाना लागतो, नाहीतर तिकडचा वकील, आणि त्यांच्या कॉलेजच्या (म्हणजे परवाना देणाऱ्या संस्थेच्या) यादीत नाव फुकट शोधता येतं. फोनवर नको, चॅटवर विचार. आणि अकराच्या अकरा पानांचे फोटो पाठव, चार नंबरचं पान नीट उजेडात काढ, माझ्या करारात सगळं तिथेच होतं.