सिमेंट रोड: पाणी मुरणार कुठे?

मूळ पोस्ट (गल्लीतली काकू)
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. आमचं घर नदीपासून दूर. आमच्याकडे पाणी आलं ते रस्त्यावरून. जुना डांबरी रस्ता न खोदता त्यावरच सिमेंट ओतलं. आधी फाटकातून दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर जायचो, आता एक चढावी लागते. कोठीतल्या गव्हाला चार दिवसांत कोंब आले, सासूबाई ते मुठीत घेऊन बसल्या होत्या. दारचा कडुनिंब बुंध्यापर्यंत सिमेंटात गाडलाय. त्याच्या मुळांना पाणी कुठून मिळणार? हे रस्ते थांबवा.

ऑटोवाला दादा
काकू, तुमचं नुकसान झालं, वाईट वाटलं. पण मी वीस वर्षांपासून ऑटो चालवून राहिलो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वरचं डांबर टिकन कसं? दर पावसाळ्यात खड्डे. माझा मणका त्यातच गेला. आणि नाल्यात गाद्या, पन्न्या कोण टाकते? रोड टाकते का? नदीचं पात्र बांधकामांनी आवळलं, त्यावर बोला ना.

पश्चिम नागपूरकर
दादा, नदीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण मातीचा मुद्दा उलटाही लागू होतो. शहराच्या पश्चिमेला खाली काळा पाषाण आहे, पाणी आधीच हळू मुरतं. म्हणून अंगणं, रस्त्याच्या कडा, झाडांचे बुंधे यांची उघडी माती जपायला हवी. आपण नेमकी तीच झाकतोय. आमच्या कॉलनीत फाटकापासून फाटकापर्यंत सिमेंट आहे, एक वीत जागा सोडलेली नाही. शिवाय मे महिन्यात रात्री दहालासुद्धा रस्ता तापलेला असतो, अनवाणी उभं राहवत नाही.

ऑटोवाला दादा
मग कडा सोडा, बुंधे मोकळे करा, मी सोबत येतो. पण सरसकट "थांबवा" म्हणू नका. माझ्या वस्तीत सिमेंट रोड व्हायच्या आधी गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला ऑटो आत यायचा नाही, खाटेवर न्यावं लागे.

गल्लीतली काकू
हे मला माहीत नव्हतं. "थांबवा" हा शब्द मागे घेते. पण जुना थर खोदल्याशिवाय नवा टाकायचा नाही, यावरून मी हटणार नाही. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांचे ओटे आता रस्त्याच्या खाली आहेत.

ऑटोवाला दादा
खोदलं तर महिना-महिना रोड बंद राहते, काकू. त्या महिन्यात माझी चूल कोण पेटवणार? यावर आपलं जमणार नाही.