ध्यानाला बसायला लागलात तेव्हा नक्की काय झालं? अनुभव सांगा

आधी माझं सांगतो. हिंजवडीत आयटीत आहे, रात्री अकराला अमेरिकेचा कॉल आणि सकाळी नऊला परत स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), असं दोन वर्षं चाललं. रविवार संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायचा, बायकोशी बोललो तरी खेकसूनच. मित्राने इगतपुरीचा दहा दिवसांचा विपश्यनेचा फॉर्म भरायला लावला. फोन जमा, बोलायचं नाही, लिहायचं-वाचायचं नाही, पहाटे ४ ला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, ज्याला आनापान म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं पण दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात चक्क जिराची तिकिटं (ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधली कामांची यादी) फिरत होती आणि गुडघे असे पेटलेले की बॅग उचलून पळून जावंसं वाटलं. संध्याकाळी ५ चा चहा ही दिवसातली सगळ्यात मोठी घटना! चौथ्या दिवशी खरी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघणं, सुरू होते, मग तासभर न हलता बसायचं. सहाव्या दिवशी पाय दुखतोय आणि मी वैतागलोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पहिल्यांदा जाणवलं. बास, एवढंच घेऊन आलो. फी नाही, शेवटी जमेल तेवढं दान. घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात, माझी वीस मिनिटं होतात, तीही सकाळचीच.

तुमचं लिहा, सोडून दिलं असेल तर तेही.

*

मी नर्स आहे, तीन शिफ्ट. दहा दिवस रजा कोण देणार हो दादा आम्हाला! यूट्यूब लावून बसायचे, पाचव्या मिनिटाला डोळा लागायचा. महिनाभर स्वतःलाच नावं ठेवली, मग लक्षात आलं की मला आधी झोपच हवी होती. आता लागोपाठच्या नाइट्स घेत नाही आणि हँडओव्हरच्या आधी चेंजिंग रूममध्ये दहा श्वास मोजते. कधी कधी सातव्यालाच हाक येते.

*

माझा अनुभव उलटा आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय. डोळे मिटले की धडधड वाढायची, लोक म्हणायचे नेटाने बस, निघून जाईल. नाही गेलं. शेवटी सायकियाट्रिस्टकडे गेलो, अँग्झायटी निघाली, गोळ्या सुरू झाल्या. त्या शिबिराच्या फॉर्ममध्ये मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही, तिथे खरं लिहा. आता बसत नाही, पर्वतीच्या पायऱ्या चढतो, मोबाईल घरी ठेवून.

*

डोंबिवली फास्ट लोकल, तिघांच्या बाकावरची चौथी सीट. डोळे मिटले की शेजारच्याला वाटतं झोपलाय, उठवत नाही. दादरपर्यंत माझंच राज्य.

*

आमच्या आजी रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणायच्या, त्या वेळेत त्यांना कुणी काही विचारायचं नाही असा घरात नियम होता. मी दोन ॲप्सचे पैसे भरले, स्ट्रीक (सलग किती दिवस बसलो त्याची मोजणी) तुटली की वेगळं टेन्शन, म्हणजे ऑफिसचं टार्गेट कमी होतं म्हणून हे! ॲप्स काढली. आता संध्याकाळी सातला खोलीचं दार लावते. पहिला आठवडा मुलगा दर दोन मिनिटांनी "आई झालं का?" करत होता, आता तोच बाबांना सांगतो, आत जाऊ नका.

*

मूळ धागावाला परत. नर्सताई, तुमचं पटलं. बसून माझंही काम कमी झालं नाही, फक्त एकदा शांतपणे मॅनेजरला म्हणता आलं की अकराचा कॉल आळीपाळीने घेऊ. आता माझ्याकडे मंगळवार आणि गुरुवार आहेत. बुधवारी सकाळी मात्र अजूनही बसणं होत नाही.