पिकअपला जादा पाटे आणि एलईडी: बसवावेत की नाही?

घाटवाट
नारायणगावहून टोमॅटो घेऊन माळशेजमार्गे वाशीला आठवड्यातून चार खेपा असतात. पिकअपचं पासिंग (कागदोपत्री मंजूर माल) 1.7 टनांचं. नवी असतानाच मागच्या स्प्रिंगच्या गठ्ठ्यात दोन जादा पाटे (पोलादी पट्ट्या) टाकले, पुढे एलईडी बल्ब बसवले. आठ महिन्यांनी दोन्ही काढून टाकले.

पाट्यांनी मागचा भाग चार बोटं उचलला गेला. घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढची चाकं धरायची, मागची नुसती घरंगळायची. मेकॅनिकने गाडीखाली नेऊन दाखवलं. मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी जाते. माल भरला की गाडी बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला प्रेशर वाढवून मिळतं. माझी गाडी बसतच नव्हती, म्हणजे हौद्यात दोन टन माल आणि ब्रेक रिकाम्या गाडीचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं मत स्पष्ट आहे: जादा पाटे टाकू नका.

शेतशिवार
दादा, तुमचं खरं असेल, पण गणित बघा. भरलेलं कॅरेट 22 किलोचं धरलं तर 1.7 टनांत 77 कॅरेट बसतात. भाडं कॅरेटमागे मिळतं. डिझेल, टोल, ड्रायव्हर जाऊन 77 वर हातात काय उरतं? मी 110 भरतो. एक जादा पाटा आहे, चार वर्षांत एकही मोडला नाही. तो नसता तर प्रत्येक खड्ड्यात एक्सल चासीखालच्या रबरी ठोकळ्यावर आदळून चासी तडकली असती.

पानाबारा
माझं गॅरेज आहे, रोज हेच बघतो. भाऊ, पाटा मोडला नाही कारण मार पुढे सरकला. एक्सल, बेअरिंग, टायर, ड्रम सगळं 1.7 टनांचंच आहे, पाट्याने त्यांची ताकद वाढत नाही. मागचा भाग उचलला की शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोनही बदलतो, रिकाम्या गाडीला थरथर येते ती त्यामुळे.

गेल्या महिन्यात एक गाडी ओढून आणली. पाट्यांचा गठ्ठा मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट तुटला होता, एक्सल एका बाजूला सरकलं होतं. पाटा नवा टाकला होता, पण गठ्ठा एक्सलला आवळणारे यू बोल्ट जुन्याच लांबीचे. गठ्ठा जाड झाला, नट जेमतेम दोन आट्यांवर (पेचांवर) धरून होता. तो घाटात सुटला असता तर?

रात्रखेप
पाट्यांबद्दल पानाबारांशी सहमत. पण लाइटवर घाटवाटांचं पटत नाही. मुरबाडच्या रस्त्यावर रात्री गुरं बसलेली असतात, कंपनीच्या उजेडात ती शेवटच्या क्षणाला दिसतात. एलईडी काढून तुम्ही स्वतःचाच धोका वाढवलात.

घाटवाट
मलाही तसंच वाटायचं. पण हॅलोजनची काच हॅलोजनसाठीच घडवलेली असते. त्या बल्बमध्ये डिपरच्या (खालच्या झोताच्या) तारेखाली पत्र्याची इवली वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. माझ्या एलईडीत प्रकाश भलत्याच जागेवरून निघायचा, डिपरवरही समोरच्याच्या डोळ्यांत जायचा. एका रात्री समोरचा दुचाकीवाला डोळ्यांवर हात धरून थेट साइडपट्टीवर उतरला. आणि पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात समोर नुसती पांढरी भिंत.

त्याऐवजी रिले (छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच) टाकून बॅटरीवरून सरळ जाड वायर दिली. बल्ब तोच कंपनीचा हॅलोजन, 60/55 वॅटचा (अपर/डिपर). व्होल्टेज दहा टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के उतरतो, म्हणजे आपला उजेड बल्बात नाही, वायरीत अडकलेला असतो. 100/90 चा बल्ब जुन्या वायरीवर मात्र कुणी लावू नका. होल्डर वितळतो.

रात्रखेप
रिले करून बघतो. पण बंपरखाली पिवळे फॉगलाइट ठेवणारच, ते मला हवेतच.

पानाबारा
ठेवा, पण तोंड खाली. शेतशिवार, अजून एक: तुमचे 110 कॅरेट म्हणजे 720 किलो जास्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. एका पावतीत कितीतरी खेपांची कमाई जाते.

शेतशिवार
दंड माहीत आहे, भरलाही आहे. भाडं वाढवून मिळेपर्यंत मी 77 वर येऊ शकत नाही, ते खोटं कशाला बोलू. पण यू बोल्ट मी कधी बघितले नाहीत. नटाच्या बाहेर किती आटे दिसायला हवेत?

पानाबारा
निदान दोन-तीन. कमी दिसले तर उद्याची खेप भरू नका, आधी लांब यू बोल्ट आणि नवा सेंटर बोल्ट टाका. शे-दोनशे किलोमीटरनंतर परत टाइट करून घ्या, नवा गठ्ठा बसतो तसा नट सैल पडतो.