ओसाड गावची खासदारकी: ‘रॉटन बरो’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

मंडळी, इंग्लंडच्या संसदेच्या इतिहासावरचं एक प्रकरण मराठीत आणते आहे. त्यात सफक परगण्याच्या किनाऱ्यावरच्या डनिच या जुन्या बंदराबद्दल पानभर मजकूर आहे. गावाचा बहुतेक भाग समुद्राने खाल्ला, तरी 1832 पर्यंत तिथून दोन खासदार निवडून जात होते. अशा जागांना इंग्रजीत ‘रॉटन बरो’ म्हणतात. मी ‘कुजका मतदारसंघ’ लिहिलंय, पण ते घशाखाली उतरत नाही. त्याच पानावर ‘पॉकेट बरो’ही आहे. त्याला ‘खिशातला मतदारसंघ’ चालेल का? आणि गावाचं नाव डनविच लिहू की डनिच?

प्रतिसाद

डनिच. ग्रीनिचसारखंच, मधला ‘व’ उच्चारात येत नाही.

‘खिशातला’ मात्र नको. आपल्याकडे ‘सामना खिशात घातला’ म्हणजे सहज जिंकला. पॉकेट बरोत जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. तिथला धनी ज्याचं नाव पुढे करील तो खासदार. त्याला आपला शब्द ‘मुठीतला’.

प्रतिसाद

‘मुठीतला’ला माझंही अनुमोदन. पण ताई, मला ‘कुजका’पेक्षा ‘मतदारसंघ’ जास्त खटकतो. मतदारसंघ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी मतदार येतात: अमुक लोकसंख्या, म्हणून अमुक जागा, आणि काही वर्षांनी पुनर्रचना. 1832 पूर्वीच्या इंग्लंडमध्ये हा हिशेबच नव्हता. संसदेत दोन माणसं पाठवायचा हक्क त्या गावाचा, म्हणजे सनद मिळालेल्या ‘बरो’चा होता. गावात माणसं किती, हे कुणी विचारत नव्हतं.

डनिचचंच बघा. बाराव्या-तेराव्या शतकात हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं भरभराटीचं बंदर होतं. 1199 साली राजा जॉनने सनद दिली. 1298 पासून संसदेत दोन प्रतिनिधी जाऊ लागले. पण तोवर समुद्राने गाव खायला सुरुवात केली होती. 1286 च्या सुमाराची वादळं मोठी होती. 1328 च्या वादळात वाळू-गोट्यांनी बंदराचं तोंडच बुजलं आणि नदीचं मुख उत्तरेला सरकलं. व्यापार गेला. पुढची कित्येक शतकं मऊ मातीचा कडा ढासळत राहिला, आणि घरं, रस्ते, एकामागून एक चर्चं खाली गेली. शेवटचं मध्ययुगीन चर्च, ऑल सेंट्स, 1904 ते 1919 या काळात तुकड्यातुकड्यांनी कड्यावरून कोसळलं.

सनदेला मात्र यातलं काही कळत नव्हतं. 1831 मध्ये डनिचमध्ये 44 घरं आणि 232 माणसं उरली होती, मतदार जेमतेम 32, आणि खासदार दोन. त्याच वेळी मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि लीड्स या प्रत्येक शहराची वस्ती लाखाच्या वर होती आणि त्यांना स्वतःचा एकही खासदार नव्हता. तिथे मतदारांचा ‘संघ’ असता, तर गाव बुडाल्यावर तो आपोआप लहान झाला असता. बरोचा हक्क मात्र जसाच्या तसा राहिला. म्हणून ‘बरो’ हा शब्द तसाच ठेवा.

प्रतिसाद

बरो आजच्या वाचकाला कळेल का?

प्रतिसाद

कळायला हवा, तो आपल्याकडे नांदून गेलेला शब्द आहे. 1925 च्या मुंबई म्युनिसिपल बरोज कायद्यानंतर पुणे, सोलापूर अशा शहरांत ‘बरो म्युनिसिपालिटी’ होत्या. पुण्यात 1950 साली महानगरपालिका झाली, तोपर्यंत हाच शब्द कागदोपत्री होता. जुन्या पावत्यांवर आणि शाळांच्या दाखल्यांवर तो अजून सापडतो. त्या बरोचा संसदेशी संबंध नव्हता, तो फक्त नगरकारभार. एवढा खुलासा एका ओळीत करा.

प्रतिसाद

एक सुचवू का? आपल्या महसुली भाषेत ‘बेचिराग गाव’ असतं. दप्तरात नाव आहे, शीव आहे, पण वस्ती नाही, म्हणजे दिवा लावायला कुणी नाही. ‘बेचिराग बरो’ कसं वाटतं?

प्रतिसाद

शब्द सुंदर आणि अर्थाला अगदी जवळचा आहे. दप्तरात जिवंत, जमिनीवर उजाड, हीच डनिचची गत. पण ‘बेचिराग’चं रोजच्या बोलण्यात ‘बेचिराख’ झालंय आणि वाचकाला त्यात ‘राख’ ऐकू येते. लढाईत जाळलेलं गाव डोळ्यांपुढे येईल. इथे तर पाणी आहे.

माझा कल ‘ओसाड’कडे आहे, कारण त्याच्यामागे ‘ओसाड गावची पाटीलकी’ उभी आहे. खासदारकी, पाटीलकी, वतन हे सगळं मराठी वाचकाच्या मनात जवळजवळ आहे. बरोची जागा वतनासारखीच वागायची. ती घराण्यात चालायची, तिची वाटणी व्हायची, ती विकलीही जायची. डनिचमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बार्न आणि व्हॅनेक ही दोन घराणी होती. दोन जागा, एकेक घराण्याला एकेक. निम्म्या-निम्म्या पाटीलकीची आपली जुनी खरेदीखतं ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मत होतं बरोच्या ‘फ्रीमन’, म्हणजे हक्कदार नागरिक, मंडळींना. फ्रीमन कुणाला करायचं ते बरोची कार्यकारी मंडळी ठरवणार, आणि ती मंडळी या घराण्यांच्या मुठीत. शिवाय मतदान उघड. गुप्त मतदान आलं 1872 मध्ये. धन्याविरुद्ध हात वर करायची कुणाची छाती होणार?

प्रतिसाद

पण काका, आपल्या म्हणीत ओसाड गावची पाटीलकी म्हणजे बिनकामाचा मान. नाव मोठं, हाती काही नाही. इथे नेमकं उलटं आहे. गाव ओसाड, पण पाटीलकीला सोन्याचा भाव!

प्रतिसाद

बरोबर पकडलंस. म्हणून म्हण जशीच्या तशी वापरायची नाही, तिचा फक्त ‘ओसाड’ घ्यायचा. आणि हा उलटेपणा मजकुरात एकदा स्पष्ट सांगायचा, कारण सगळा अन्याय त्यातच आहे. गाव जितकं रिकामं, तितकी जागा हातात ठेवणं सोपं आणि स्वस्त.

सोन्याच्या भावाला पुरावा हवा असेल तर ओल्ड सॅरम या दुसऱ्या बरोचा आहे. ते किनाऱ्यावरचं नाही, सॉल्झबरीजवळची एक उजाड टेकडी. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झालेला, आणि पुढे हिऱ्यामुळे ‘डायमंड पिट’ म्हणून ओळखला गेलेला थॉमस पिट, त्याने ती विकत घेतली. त्याचा नातू विल्यम पिट 1735 मध्ये तिथूनच संसदेत गेला. याच नातवाने 1766 मध्ये बरोंच्या प्रतिनिधित्वाला राज्यघटनेचा कुजका भाग म्हटलं. ‘रॉटन’ शब्दामागे हा संतापही आहे, हे लक्षात असू द्या. ‘ओसाड’मध्ये तो संताप उतरत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे ‘ओसाड, कुजके बरो’ अशी जोडी लिहावी, पुढे नुसतं ‘ओसाड बरो’.

प्रतिसाद

सगळेच बरो काही ओसाड नव्हते ना? काही ठिकाणी वस्ती होती, पण मतं विकली जायची.

प्रतिसाद

हो. तिथे ‘ओसाड’ लावू नका. ती ‘बाजारी’ गावं, आणि एकाच धन्याची असतील तर ‘मुठीतली’. डनिचला ओसाडही म्हणता येतं आणि मुठीतलंही. दोन विशेषणं दोन गोष्टी सांगतात, म्हणून एकाऐवजी दुसरं वापरू नये.

आणखी एक. ‘1832 च्या कायद्याने हे मतदारसंघ रद्द झाले’ एवढ्यावर थांबू नका. 22 मार्च 1831 ला, संसदेतल्या जागांची फेरवाटणी करणाऱ्या सुधारणा विधेयकाचं दुसरं वाचन 302 विरुद्ध 301 अशा एका मताने पार पडलं. दोन-दोन जागांचे असे कितीतरी बरो त्या सभागृहात बसलेले असताना! पुढच्या वर्षी कायदा झाला आणि 56 बरोंच्या सगळ्या जागा गेल्या. त्यात डनिच होतं. मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि लीड्सला दोन-दोन जागा मिळाल्या. आज डनिच सफक कोस्टल या मोठ्या मतदारसंघात आहे. या ठिकाणी मात्र ‘मतदारसंघ’च लिहा, इथे तो शब्द अगदी चपखल बसतो.

विचारणाऱ्याकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलंय: ‘सफकच्या किनाऱ्यावरचं डनिच हे इंग्लंडच्या ओसाड, कुजक्या बरोंपैकी एक. गाव समुद्रात गेलं, पण दोन खासदार पाठवायचा त्याचा हक्क 1832 पर्यंत कागदावर शाबूत राहिला आणि तो दोन घराण्यांच्या मुठीत होता.’

प्रतिसाद

छान झालंय. फक्त ‘गाव समुद्रात गेलं’ऐवजी ‘बहुतेक गाव’ करा. ती 232 माणसं अजून तिथे राहत होती.