बॅकएंडची नोकरी शोधताना आधी काय दुरुस्त करावं: रेझ्युमे, तयारी की अर्जाची पद्धत?

रात्रपाळी:
बॅकएंडचा, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या कोडचा, अनुभव ५ वर्षांचा. जावा, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि थोडं काफ्का (मेसेज इकडून तिकडे पोहोचवणारी यंत्रणा). बहुतेक अर्जांना उत्तरच येत नाही. जिथून येतं तिथे पहिल्या तांत्रिक फेरीत गाडी अडते. रेझ्युमे दोन कॉलमचा आहे, डावीकडे कौशल्यं आणि त्यांच्यापुढे टक्केवारीचे पट्टे. रोज लीटकोड (कोडिंगच्या कोड्यांची साइट) सोडवणं चालू आहे. सुरुवात कुठून करावी?

ठोकताळा:
हे दोन वेगळे बिघाड आहेत, एकत्र करू नका. उत्तरच न येणं हा रेझ्युमेचा किंवा अर्जाच्या वाटेचा प्रश्न. फेरीत अडणं हा तयारीचा.

रेझ्युमेची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. दोन कॉलम असले की ओळी एकमेकींत घुसतात आणि एका कंपनीच्या तारखा दुसरीच्या नावापुढे जाऊन बसतात. भरतीच्या सॉफ्टवेअरलाही साधारण असंच दिसतं. फोन आणि ईमेल हेडरमध्ये ठेवू नका, काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत. टक्केवारीचे पट्टे काढून टाका. 'जावा ८५ टक्के' याला काही अर्थ नाही, आणि यंत्राला तो पट्टा दिसतही नाही. एकच कॉलम, नेहमीचे मथळे, बस्स.

यंत्र गुण देऊन परस्पर नाकारतं ही भीती मात्र बरीचशी अतिरंजित आहे. आपोआप नकार येतो तो मुख्यतः फॉर्ममधल्या प्रश्नांवर: कामाचा परवाना, किमान अनुभव, ठिकाण. ते घाईत भरू नका. बाकी ठिकाणी माणूसच शब्द टाकून शोधतो, म्हणून जाहिरातीत 'पोस्टग्रेसक्यूएल' असेल आणि तुम्हाला ते येत असेल, तर तसंच पूर्ण लिहा.

आता ओळी. 'मायक्रोसर्व्हिसेस विकसित केल्या' यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं काही: 'ऑर्डर शोधण्याच्या एपीआयचा पी९९ प्रतिसादवेळ १.८ सेकंदांवरून ३०० मिलिसेकंदांवर आणला. एन प्लस वन क्वेऱ्या काढल्या, ग्राहक आणि तारीख यांवर संयुक्त इंडेक्स घातला.' (पी९९ म्हणजे १०० पैकी ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत होतात ती वेळ; एन प्लस वन म्हणजे यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी वेगळी क्वेरी.) आकडा मोजलेलाच हवा, कारण 'कसा मोजलात?' हा पुढचा प्रश्न ठरलेला.

मधलीओळ:
तयारीबद्दल. ५ वर्षांच्या माणसाला रेझ्युमेतल्याच शब्दांवर खोलात नेतात, आणि तिथे लीटकोड कामी येत नाही. काफ्का लिहिलंय ना? मग हे विचारणारच: मेसेजचा क्रम फक्त एका पार्टिशनच्या (मेसेजच्या रांगेच्या एका भागाच्या) आतच का टिकतो? पार्टिशन ६ आणि एकाच ग्रुपमध्ये कन्झ्युमर (मेसेज वाचणारे प्रोग्राम) ८ असतील तर? (२ रिकामे बसतात.) ऑफसेट (कुठपर्यंत वाचलं याची खूण) काम झाल्यावर कमिट करायचा असेल आणि काम झाल्यावर पण कमिटच्या आधीच प्रोसेस पडली, तर तोच मेसेज पुन्हा येतो, मग दुहेरी नोंद कशी टाळाल?

स्प्रिंगमध्ये ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन हा नेहमीचा सापळा. ते लावलेल्या मेथडमधले डेटाबेसचे बदल एकत्रच पक्के किंवा रद्द व्हावेत, यासाठी ते असतं. त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडमधून बोलावलं तर कॉल प्रॉक्सीतून (स्प्रिंगने मध्ये घातलेल्या थरातून) जात नाही आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. शिवाय चेक्ड एक्सेप्शनवर (जावात जाहीर करावी किंवा हाताळावीच लागते अशा चुकीवर) आपोआप रोलबॅक, म्हणजे बदल मागे घेणं, होत नाही, तो सांगावा लागतो. एसक्यूएलमध्ये नॉट इनच्या ('यादीत नसलेले' या अटीच्या) आतल्या यादीत एक जरी नल (रिकामी किंमत) असला तरी एकही ओळ परत येत नाही. हे 'का' सांगता येईपर्यंत हाताने करून बघा.

कोडिंगच्या फेरीत लगेच टाइप करू नका. आधी इनपुट किती मोठा आहे ते विचारा. १ लाख घटकांवर दोन लूप एकात एक टाकले तर १,००० कोटी पायऱ्या होतात, म्हणजे तो मार्ग तिथेच बाद. शेवटी रिकामा इनपुट आणि एकच घटक घेऊन कोड मोठ्याने चालवून दाखवा. हे राहून जातं, म्हणून बरोबर सोडवूनही नकार येतो.

खिडकीजवळ:
रेफरल, म्हणजे कंपनीतल्या ओळखीच्या माणसाची शिफारस, अर्ज करण्याआधी मागा; आधीच अर्ज केला असेल तर पुष्कळ कंपन्यांत रेफरल धरत नाहीत. निरोपात जाहिरातीचा क्रमांक, तुमचं काम तिथे कसं जुळतं याच्या तीन ओळी आणि रेझ्युमे. 'काही ओपनिंग आहे का?' असं विचारलं की शोधायचं काम समोरच्यावर पडतं आणि निरोप तसाच राहतो.

एक तक्ता ठेवा: तारीख, पद, रेझ्युमेची आवृत्ती, कुठल्या वाटेने, कुठे थांबलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दहा-बारा अर्जांवरून निष्कर्ष काढू नका.

रात्रपाळी:
धन्यवाद, कॉलम आजच काढते. कामाचे आकडे गोपनीय असतील तर? आणि एका रिक्रूटरने असाइनमेंट म्हणून रेपो (कोडचं फोल्डर) पाठवलाय, तो चालवावा का?

ठोकताळा:
थेट आकड्याऐवजी प्रमाण लिहा, 'प्रतिसादवेळ एक षष्ठांशावर' असं. ग्राहकांची नावं नकोत, आणि ऑफिसचा कोड गिटहबवर अजिबात नको.

रेपो स्वतःच्या मशीनवर चालवू नका. खोटे रिक्रूटर अशाच असाइनमेंटमधून मालवेअर पाठवतात. एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवणारी आज्ञा) म्हटलं की पॅकेजच्या पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट आपोआप चालू शकतात, म्हणजे कोड वाचण्याआधीच नुकसान होऊन जातं. ती जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर आहे का आणि मेल कंपनीच्याच डोमेनवरून आलाय का, ते बघा. त्यानंतरही वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्येच उघडा, जिथे एसएसएच की (सर्व्हरवर शिरण्याची डिजिटल किल्ली), ब्राउझरचे पासवर्ड किंवा ऑफिसचं लॉगिन यातलं काहीही नसेल. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर नकोच.