ग्रेट ॲलेगेनी पॅसेज: वडिलांना घेऊन सायकलवर, कुठून सुरुवात करावी?

सांगलीकर:
नमस्कार मंडळी. बाबा ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे व्हर्जिनियाला येताहेत. वय 66. सांगलीत अजून सकाळी सायकलवरच भाजी आणायला जातात, पण चढ लागला की दम लागतो, मग उतरून चालतात. त्यांना जुन्या रेल्वेलाइनवरच्या या सायकलवाटेवर न्यायचं मनात आहे. हाताशी तीन दिवस आहेत. पिट्सबर्ग ते कंबरलंड, 150 मैल, जमतील का? कुठून निघावं? आणि बोगद्यांत अंधार असतो का? बंद जागेत बाबांना जरा घाबरायला होतं.

पायडल:
कंबरलंडहून निघू नका, पहिलेच 24 मैल सलग चढ आहे. पिट्सबर्गहून निघा. रोज 50 मैल केले तर तीन दिवसांत होतं, आणि शेवटचा सगळा उतार.

दौंडची लेक:
सांगलीकर, 150 मैलांचा हट्ट सोडा. रोज 50 मैल म्हणजे दिवसभर खाली मान घालून पायडल मारणं. बाबा थकतील आणि बघायचं ते बघायचं राहून जाईल. मी पिट्सबर्गला राहते, ही वाट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. माझं ऐका: गाडीने वाटेवरच्या मायर्सडेल गावी या आणि तिथे दोन रात्री राहा.

पहिल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून पूर्वेला निघा. आठेक मैलांवर ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइड येतो, 2,392 फूट, या वाटेवरची सगळ्यात उंच जागा. इथून एका अंगाचं पाणी अटलांटिककडे जातं, दुसऱ्या अंगाचं मेक्सिकोच्या आखाताकडे. चढाची काळजी नको. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने डोंगर फोडले, दऱ्यांवर पूल टाकले, पण चढ वाढू दिला नाही. बोरघाटात रुळांना 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे. इथे कंबरलंडच्या बाजूला, जिथे सगळ्यात कडक आहे, तिथेही साधारण 57 फुटांमागे 1 फूट. मायर्सडेलकडून तर 100 फुटांमागे 1 फूटसुद्धा नाही. बाबांना उतरावं लागणार नाही.

डिव्हाइडनंतर थोड्याच अंतरावर बिग सॅव्हेज बोगदा, 3,294 फूट, म्हणजे एक किलोमीटर. आत दिवे आहेत आणि वाट सरळ, पण गारठा चांगलाच जाणवतो, बाबांना स्वेटर घालायला लावा. आत शिरायच्या आधी पाच मिनिटं तोंडाशी थांबा, त्यांना आत बघू द्या. नको वाटलं तर तिथूनच परत फिरा. पण गेले, तर पलीकडे बाहेर पडल्या पडल्या समोर मेरीलँडकडची सगळी दरी उघडते. ऑक्टोबरात त्या डोंगरांवर तांबडा-पिवळा रंग चढलेला असतो. तिथे त्यांना हवा तितका वेळ बसू द्या.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला कॉन्फ्लुअन्स गावापर्यंत, 30 मैल, हलका उतार. मायर्सडेल सोडलं की लगेच सॅलिसबरी व्हायाडक्ट, 1,908 फुटांचा पूल. खाली कॅसलमन नदी, हायवे आणि दुसऱ्या कंपनीची चालू रेल्वेलाइन. माझे वडील रेल्वेत गँगचे मुकादम होते. त्यांना इथे आणलं तेव्हा खालून मालगाडी गेली, तर शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत कठडा सोडला नाही त्यांनी. पुढे वाटेकडेला शिटी वाजवायची खूण म्हणून रोवलेले जुने खांब दिसले, प्रत्येकापाशी सायकल थांबवून हात लावून बघत होते. घाईत असता तर हे राहूनच जातं.

तिसऱ्या दिवशी कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल, जेमतेम 10-11 मैल, यॉकागेनी नदीच्या काठाने झाडीतून. या सगळ्या वाटेचा पहिला तुकडा 1986 साली इथेच सुरू झाला. शेवटचा, पिट्सबर्गमधला, 2013 साली. ओहायोपाइलला धबधबा आहे, तिथे संपवा.

पायडल:
ताई, हे पटलं. मी आमच्या ग्रुपच्या हिशेबाने सांगत होतो. एक भर घालतो: डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बिग सॅव्हेजचे दरवाजे बंद असतात, बर्फाने आतून नुकसान होऊ नये म्हणून. ऑक्टोबरात अडचण नाही.

सांगलीकर:
ताई, मनापासून आभार. हेच करू. साधी हायब्रिड सायकल चालेल ना? बाबा शाकाहारी आहेत, वाटेत खायचं काय? आणि गाडी मायर्सडेललाच राहील, त्याचं काय करू?

दौंडची लेक:
हायब्रिड उत्तम. डांबर नाही, चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आहे, 32 मिलिमीटरचं टायर पुरे. पाऊस झाला तर चेन पुसून तेल द्या, ती पांढरी भुकटी चिकटून बसते. गावं लहान आहेत, शाकाहारी म्हटलं की बऱ्याचदा चीज पिझ्झावर भागवावं लागतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवा, तीन दिवस आरामात टिकतात. सायकलींसकट माणसांना परत सोडणाऱ्या शटल व्हॅन या वाटेवर मिळतात. ऑक्टोबरात गर्दी असते, म्हणून खोली आणि व्हॅन आत्ताच बुक करा. सायकलला घंटी हवीच. आणि पुढे बाबांना ठेवा, तुम्ही मागे. वेग त्यांचा राहू दे.